नुसती सोबत की शिकवलेलं काम?

बहिणीची मुलगी अमेरिकेत असते. दिवाळीला नागपूरला यायचंय आणि तिच्या लॅब्राडोर कुत्रीलाही आणायचंय. फोनवर म्हणाली, "मावशी, कुत्री जवळ असणं गरजेचं आहे असं डॉक्टरांचं पत्र आहे माझ्याकडे, म्हणजे ती सर्व्हिस डॉगच झाली ना?"

नाही झाली. ती इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल आहे, म्हणजे नुसत्या सोबतीने मनाला आधार देणारा प्राणी, आणि ही गल्लत विमानतळावर महागात पडते.

कुत्री जवळ असली की तिचा जीव शांत होतो, हे अगदी खरं आहे. पण ते शांत करणं कुत्रीला कुणी शिकवलेलं नाही, तिचं असणंच पुरेसं असतं. सायकियाट्रिक सर्व्हिस डॉगला, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाच्या मदतीच्या कुत्र्याला, मात्र ठरावीक कामं शिकवलेली असतात. मालक झोपेत घाबरून ओरडू लागला की त्याला उठवणं. पॅनिक अटॅक आला की मांडीवर, छातीवर अंगाचा भार देऊन पडून राहणं. कुणी स्वतःचीच कातडी ओरबाडू लागला की नाक खुपसून तो हात बाजूला करणं. औषधाच्या वेळेला मागे लागणं, गर्दीतून बाहेर घेऊन जाणं. यामागे महिनोन् महिन्यांचा सराव असतो. प्रेम दोघांचं सारखंच, मी त्यात डावं-उजवं करणार नाही.

अमेरिकेत 11 जानेवारी 2021 पासून विमानाचा नियम याच फरकावर उभा आहे. सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी काम शिकवलेला कुत्राच. मानसिक आजारासाठी शिकवलेला असला तरी मान अंध व्यक्तीच्या कुत्र्याइतकाच. त्याला भाडं नाही, तो मालकाच्या पायाशी बसतो. विमान कंपनी त्याच्या तब्येतीचा, वागणुकीचा आणि प्रशिक्षणाचा सरकारी फॉर्म मागू शकते. त्यात खोटं लिहिणं गुन्हा आहे. सपोर्ट अ‍ॅनिमलला कंपनी साधा पाळीव प्राणी धरू शकते, म्हणजे शुल्क आणि सीटखाली मावेल एवढी पेटी. लॅब्राडोर कुठली मावायला!

मग ते पत्र कशाचं? घराचं. भाड्याच्या घरात प्राण्यांना बंदी असली तरी तिकडचा कायदा सपोर्ट अ‍ॅनिमलसाठी सवलत मागू देतो, तिथे ते चालतं. आणि ऑनलाइन पैसे भरून मिळणारी 'नोंदणी' व कुत्र्याचं जॅकेट घेऊ नकोस, असं मी तिला बजावून सांगितलं. सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदवहीच तिकडे नाही.

रेबीजपुढे मात्र दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना एकच न्याय. अमेरिका भारताला जास्त जोखमीच्या देशांत धरते. 1 ऑगस्ट 2024 पासून भारतातून तिकडे परतणारा कुत्रा, सर्व्हिस डॉग असला तरी, किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप असलेला हवा, शिवाय रेबीजच्या लसीचे कागद हवेत. भारतात आणायलाही आपल्या पशु क्वारंटाइन विभागाची परवानगी लागते.

मुंबईहून पुढे विदर्भ एक्सप्रेसने यायचं तर कुत्रा डब्यात आपल्यासोबत ठेवायला फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थची खोली) किंवा केबिन (चार बर्थची) आपल्या नावावर हवी. टू एसी, थ्री एसीत कुत्रा चालत नाही. मी तिला आधी लसीकरणाचं कार्ड फोटो काढून पाठवायला सांगितलंय.