गॅस मंद येतोय? आम्हाला फोन करण्याआधी हे वाचा (आणि हातातली पिन खाली ठेवा)

"शेगडीला आच नाही, माणूस पाठवा." हा फोन रोजचाच, पावसाळ्यात आणि सणांच्या तोंडावर तर जरा जास्तच. माणूस आम्ही पाठवतोच. पण बऱ्याच घरांत काम पाच मिनिटांचं निघतं आणि तेही तुम्हाला स्वतः करता आलं असतं. काही घरांत मात्र पाच मिनिटांचं काम पिन, सुई किंवा तारेच्या तुकड्याने तासाभराचं होऊन बसलेलं असतं. हे पत्रक मुख्यतः त्या पिनेसाठी आहे. तिच्याकडे येतोच, आधी साधी तपासणी.

एकच बर्नर की सगळे?

फोनवर आमचा पहिला प्रश्न हाच असतो. एकच बर्नर मंद असेल तर दोष शेगडीत आहे: त्या बर्नरची भोकं, त्याची मिक्सिंग ट्यूब (गॅस आणि हवा मिसळणारी नळी), जेट (जिच्यातून गॅस सुटतो ती छोटी तोटी) किंवा नॉबमागचा कॉक (गॅस चालू-बंद करणारी चावी). सगळे बर्नर एकदम मंदावले असतील तर शेगडीला हात लावूच नका. गॅस शेगडीपर्यंतच नीट पोचत नाहीये.

सिलिंडर असेल तर तो संपत आलाय का ते आधी बघा. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. वजनकाटा नसेल तर गॅस चालू असताना टाकीवरून ओलं फडकं फिरवा. आत गॅस जिथपर्यंत आहे तिथला ओलावा उशिरा सुकतो. संपत आलेली टाकी आडवी करून किंवा गरम पाण्यात ठेवून शेवटचा चहा उकळण्याची जुनी सवय अजून काही घरांत आहे. ती सोडा. टाकीतला द्रव गॅस बाहेर आला की सुमारे अडीचशे पट फुगतो, आणि आडव्या टाकीतून तो द्रवरूपातच रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो.

त्यानंतर नळी. शेगडी भिंतीला टेकवताना मागे नळी मुडपते, हे फार वेळा सापडतं. ओटा पुसताना शेगडी दोन बोटं मागे सरकते आणि आच अर्धी होते. शेगडी पुढे ओढा, नळी सरळ करा, पुन्हा पेटवून बघा. केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती बदलायची, वरून कितीही धडधाकट दिसत असली तरी.

पाईप गॅस असेल तर भिंतीवरच्या व्हॉल्व्हचा दांडा पाहा. तो पाईपच्या रेषेत असेल तर पूर्ण उघडा, पाईपला आडवा असेल तर बंद. रंगकाम किंवा ओट्याचं काम झाल्यावर तो मध्येच कुठेतरी तिरका राहिलेला असतो. तोही सरळ असेल तर वरच्या-खालच्या मजल्यावर विचारा. त्यांच्याकडेही आच मंद असेल तर तक्रार गॅस कंपनीकडे करा, आमच्याकडे नाही. मीटर आणि मीटरपर्यंत येणाऱ्या कंपनीच्या पाईपवरचं काहीही आम्ही उघडत नाही. ग्राहक रागावतात, "एवढं तर करून द्या" म्हणतात. पण ती मालमत्ता आणि जबाबदारी कंपनीची आहे, आणि त्यात हात घालायला तयार होणारा मेकॅनिक तुम्हाला भेटला तर त्याला शेगडीलाही हात लावू देऊ नका.

आता पिनेबद्दल

बर्नर उचललात की खाली मिक्सिंग ट्यूब दिसते, आणि तिच्या नॉबकडच्या तोंडाशी पितळेचा एक छोटा जेट असतो. जेटच्या टोकाला बारीक भोक असतं, सिलिंडरच्या शेगडीत ते एक मिलिमीटरपेक्षाही लहान. घरातल्या कुठल्याही मंद आचेचा संशय या भोकावर जातो आणि मग सेफ्टी पिन निघते.

पिन घातल्यावर दोन दिवस आच खरंच वाढते. म्हणूनच ही सवय जात नाही. नेमकं काय होतं ते सांगतो.

पितळ मऊ, पिन पोलादाची. पिन फिरवली की भोकाची कड खरवडते, भोक मोठं आणि किंचित लांबट होतं. समजा भोक ०.७० मिलिमीटरचं होतं आणि ते ०.७७ झालं. डोळ्यांना हा फरक दिसणार नाही. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे व्यास १० टक्के वाढला की गॅस २१ टक्के जास्त जातो. आच मोठी दिसते आणि आपण खूश होतो.

पण शेगडी नुसत्या गॅसवर चालत नाही. जेटमधून गॅस वेगाने सुटतो आणि सुटता सुटता ट्यूबच्या तोंडातून हवा आत ओढून घेतो. सिलिंडरच्या गॅसला पूर्ण जळायला त्याच्या पंचवीस-तीस पट हवा लागते. तिचा काही भाग ट्यूबमध्येच मिसळावा लागतो आणि उरलेली ज्योतीला बाहेरून मिळते. भोक गोल आणि बरोबर मधोमध असेल तर गॅसची धार ट्यूबच्या मध्यातून सरळ जाते आणि हवा पुरेशी खेचली जाते. भोक लांबट झालं की धार तिरकी जाऊन ट्यूबच्या भिंतीवर आपटते. गॅस जास्त, हवा कमी. ज्योत पिवळी पडते, कुकरची बुडं काळी होतात, सिलिंडर लवकर संपतो. एवढं करून मूळ कचरा पिनेने आतच ढकललेला असतो, तो चार दिवसांनी पुन्हा भोकाशी येऊन बसतो.

असा जेट दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आणि आमचा खरा वेळ जातो तो इथे: पिन घातल्याचं कुणी सांगत नाही. आमचा माणूस रेग्युलेटर बघतो, नळी बघतो, कॉक उघडून ग्रीस तपासतो आणि अर्ध्या तासाने भिंगाखाली जेटची खरवडलेली कड दिसते. त्या मॉडेलचा जेट त्याच्या पिशवीत असेलच असं नाही, मग दुसरी खेप. पिन घातली असेल तर फोनवरच सांगून टाका. आम्ही रागावत नाही, फक्त जेट सोबत घेऊन येतो.

जेटवर चिकट थर दिसत असेल तर गॅस मागून बंद करून कोरड्या टूथब्रशने बाहेरून झाडा. इतकंच. भोकात काहीही घालू नका, काडीसुद्धा नाही. ती आत मोडते.

मग आच मंद का होते?

बहुतेक वेळा जेट निर्दोष असतो. उतू गेलेलं दूध, भाताची पेज, फोडणीचं तेल बर्नरच्या भोकांत आणि तिथून ट्यूबमध्ये उतरतं आणि सुकून बसतं. दुसरं कारण मुंबईतल्या स्वयंपाकघरांना चांगलं माहीत आहे: झुरळं. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी दार उघडलं आणि एकच बर्नर मंद, किंवा पेटवताना "फट्" आवाज करून ज्योत खाली जेटपाशीच जळतेय, असं झालं तर ट्यूबमध्ये झुरळाची पिल्लं, अंडी किंवा कोळ्याचं जाळं असण्याची दाट शक्यता आहे. ज्योत खाली जळत असेल तर नॉब लगेच बंद करा. तशीच चालू ठेवली तर ट्यूब आणि नॉब तापतात आणि कॉकमधलं ग्रीस जळतं.

साफसफाई अशी करा. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, शेगडी पूर्ण गार होऊ द्या. जाळी आणि बर्नर उचला. पितळी बर्नर गरम पाण्यात भांडी घासायची पावडर टाकून अर्धा तास भिजवा. चकाकीसाठी चिंच लावायला हरकत नाही, पण नंतर भरपूर पाण्याने धुवा. बर्नर पांढऱ्या धातूचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचा असेल तर धुण्याचा सोडा वापरू नका, तो काळा पडतो आणि खातही जातो. बर्नरची भोकं मात्र टूथपिकने खुशाल मोकळी करा. बर्नर आणि जेट ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, पिनेचा गोंधळ बऱ्याचदा या सरमिसळीतूनच होतो. ट्यूब आतून बाटली धुवायच्या बारीक कोरड्या ब्रशने झाडा, तिच्यात पाणी ओतू नका.

आणि वाळवा. धुतलेला बर्नर फडक्याने पुसून लगेच बसवला की भोकांत पाण्याचे थेंब राहतात. ज्योत तुकड्यातुकड्याने लागते, विझते, नुसती टिकटिक करून पेटणारी शेगडी पेटतच नाही. मग "कालच साफ केली आणि आज बिघडली" असा फोन येतो. बर्नर झटकून उलटा ठेवा, पंख्याखाली दोन तास. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर. बसवताना तो खाचेत नीट बसला का पाहा. किंचित तिरका असला तरी एका बाजूची ज्योत लांब आणि दुसरीकडची बुटकी दिसते.

ज्योत काय सांगते

निळी, स्थिर, आत फिकट निळे सुळके असलेली ज्योत म्हणजे सगळं ठीक. लांब, लवलवती पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय: ट्यूब तुंबली किंवा जेट बिघडला. बर्नरपासून उचललेली, घोंघावणारी ज्योत म्हणजे दाब किंवा हवा जास्त, आम्हाला बोलवा. निळ्या ज्योतीत मध्येच केशरी ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका. मिठाचे कण जळताना तसंच होतं, भाजीचं खारं पाणी सांडल्यावर तर हमखास.

सिलिंडरची शेगडी, पाईपचा गॅस

गावच्या किंवा जुन्या घरची चांगली शेगडी नव्या घरी आणायची आणि ओळखीच्याकडून पाईप गॅसला जोडून घ्यायची, हा प्रकारही वाढलाय. नळी जुळते म्हणून शेगडी जुळत नाही. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, घरगुती पाईप गॅस २१ मिलिबारने. शिवाय तेवढ्याच घनफळाच्या पाईप गॅसमध्ये उष्णता फार कमी, सिलिंडरच्या गॅसमध्ये तिच्या अडीच-तीन पट. म्हणून पाईप गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं. सिलिंडरचा जेट ठेवून पाईप गॅस लावला तर निरांजनाएवढी ज्योत मिळेल. उलटं केलं, म्हणजे पाईप गॅसचा जेट सिलिंडरवर, तर हातभर पिवळा भडका. पहिलं त्रासाचं, दुसरं धोक्याचं.

अशा वेळी काही जण जुन्याच जेटला ड्रिलने भोक मोठं करून देतात. स्वस्त पडतं. आम्ही करत नाही, आग्रह केला तरी नाही, कारण ते भोक गोल आणि मधोमध पडत नाही, आणि तिथून पुढची गोष्ट पिनेचीच. आम्ही शेगडीच्या कंपनीचाच जेट बसवतो आणि गॅस बदलताना सगळ्या बर्नरचे एकदम. लहान आणि मोठ्या बर्नरचे जेट वेगळे असतात, अदलाबदल चालत नाही. काढलेले जेट तुमच्या हातात देतो. उजेडाकडे धरून नव्याशी ताडून बघा, मग पैसे द्या.

व्हिजिट चार्जबद्दलही कुरकुर ऐकू येते. "नुसती नळी सरळ केली, त्याचे पैसे?" लोअर परळहून मालाडला जाऊन नळी सरळ करायलाही माणसाचा अर्धा दिवस लागतो. ते पैसे वाचावेत म्हणूनच वरचं सगळं लिहिलं आहे.

वास आला तर

हे पत्रक बाजूला ठेवा. आग विझवा, सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाईपचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं कुठलंही बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत आणि ओट्याखालच्या कपाटात साचतो. पाईपचा गॅस हलका, तो छताकडे जातो, म्हणून वरची झडपही उघडा. घराबाहेर येऊन मग फोन करा. सिलिंडरसाठी आपत्कालीन क्रमांक १९०६, पाईप गॅससाठी तुमच्या बिलावर छापलेला. आम्हाला त्यानंतर.

फोन करताना

चार गोष्टी सांगा: सिलिंडर की पाईप गॅस, एक बर्नर मंद की सगळे, ज्योतीचा रंग, आणि शेगडीच्या बुडाशी किंवा पाठीमागे चिकटवलेला मॉडेल नंबर. स्टिकर तेलाने पुसलं गेलं असेल तर शेगडीचा आणि पेटत्या ज्योतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, दिवा मालवून काढलात तर रंग कळतो. बऱ्याचदा फोटोवरूनच सांगता येतं की येण्याची गरज नाही, आणि तेव्हा आम्ही तसंच सांगतो.

वर्षातून एकदा ट्यूब, कॉक, ग्रीस, नळी असं सगळं आमच्याकडून तपासून घेतलं तर मधल्या काळात सहसा आमचं तोंड पाहावं लागत नाही. त्यासाठी श्रावणाआधीचे दिवस सोयीचे, तेव्हा आमच्याकडे सवड असते. मोदकांच्या आदल्या संध्याकाळी फोन आला तर नाव लिहून घेऊ, पण आमची माणसंही तेव्हा कोकणच्या गाडीत बसलेली असतात.