ओपनिंग बुकचा वाद आला कुठून?

चेस इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, ओपनिंग बुक वापरू द्यायचं का, हा वाद चांगलाच जुना आहे. बुक म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींचा साठा, पटावर ओळखीची पोझिशन आली की इंजिन काहीही न मोजता त्यातली चाल उचलतं. १९६७ मध्ये एमआयटीच्या मॅकहॅक या प्रोग्रामकडेही बुक होतं आणि ते लागायचंच, कारण तेव्हाचं मशीन मोजून मोजून जेमतेम काही चाली पुढचं बघणार आणि ओपनिंगमधल्या चुकीचा फटका बसतो पंधरा-वीस चालींनी, मग ते त्याला दिसणार कसं?

पण ११ मे १९९७ चा डाव बघा. जगज्जेता कास्पारोव्ह आणि आयबीएमचा कॉम्प्युटर डीप ब्लू अडीच-अडीच गुणांवर, शेवटचा सहावा डाव, ओपनिंग कारो-कान. सातव्या चालीला कास्पारोव्हने जी५ वरच्या डीप ब्लूच्या घोड्याला हाकलायला एच६ खेळलं, आणि घोडा मागे जायचं सोडून त्याने सरळ ई६ चं प्यादं मारलं! आख्खा घोडा दिला. १९ चालींत कास्पारोव्हचा खेळ खल्लास. ही चाल मशीनला सुचलेली नव्हती, बुकात होती, आणि ते बुक जोएल बेंजामिन वगैरे ग्रँडमास्टरांनी तयार केलेलं. मग जिंकलं कोण?

बुकवाले म्हणतात, माणूसही ओपनिंग पाठ करूनच येतो की. बरोबर आहे, पण तो ते डोक्यात घेऊन येतो, खेळताना वही उघडली तर त्याला बाद करतील. मला हा फरक मोठा वाटतो.

२०१७ ला तक्रार उलटी आली. डीपमाइंडच्या अल्फाझीरोने स्टॉकफिश या तगड्या इंजिनला १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबरी असं धुतलं, तर लोक म्हणाले स्टॉकफिशचं बुकच काढून घेतलं होतंत, हा कसला सामना. डीपमाइंडच्या २०१८ च्या पेपरमध्ये मग बुकसकट खेळवलेले डावही आले.

टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेतली पद्धत मला सगळ्यात पटते. इंजिनने स्वतःचं बुक आणायचंच नाही, ओपनिंग आयोजक देणार आणि तीच ओपनिंग दोघांनी एकदा पांढऱ्याने एकदा काळ्याने खेळायची. गंमत म्हणजे आता बुक लागतं ते वेगळ्याच कारणाने, ही इंजिनं इतकी तगडी झालीत की पहिल्या चालीपासून मोकळं सोडलं तर बरोबरीवर बरोबरी होत राहते, म्हणून मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग निवडतात, म्हणजे काळ्याला पहिल्यापासूनच जीव वाचवायला झगडावं लागतं.