पॅसिव्ह इंटरफेस: एकच शब्द, तीन अर्थ

राउटरवर ओएसपीएफचं (राउटरांनी एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, सांगायचा प्रोटोकॉल) कॉन्फिग लिहायला घेतलं की आधी पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट (राउटरचे सगळे इंटरफेस, म्हणजे जोड, गप्प करणारी ओळ) टाकायचं, मग अपलिंकवर, म्हणजे दुसऱ्या राउटरकडे जाणाऱ्या जोडावर, नो लावून ते उठवायचं, हे आता हाताला इतकं बसलंय की ते आलं कुठून हे कोणी विचारत नाही.

मुळात ही युनिक्सची सवय. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये (युनिक्सची एक आवृत्ती) राउटेड हा रूटिंगचा प्रोग्राम आला, त्यात एकच इंटरफेस असलेली मशीन नुसती ऐकायची, स्वतः काही पाठवायची नाही. १९८८ ला आरएफसी १०५८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात रिप, म्हणजे राउटेडचाच रूटिंग प्रोटोकॉल, कागदावर आला तेव्हा अशांना सायलेंट म्हटलं गेलं. रिप दर ३० सेकंदांनी आपलं रूटचं टेबल सगळ्यांना ब्रॉडकास्ट करतो, आणि ज्या लॅनवर दुसरा राउटरच नाही तिथे ते कशाला ओरडायचं, म्हणून इंटरफेस पॅसिव्ह.

खरा घोळ पुढे झाला. रिपमध्ये पॅसिव्ह म्हणजे पाठवणं बंद पण ऐकणं चालूच, म्हणजे त्या लॅनवर कोणी खोटा रूट सोडला तर राउटर तो घेतो, तो अडवायला वेगळा फिल्टर लागतो. ओएसपीएफमध्ये मात्र हॅलोच (शेजारी राउटर शोधायचे संदेश) बंद होतात, हॅलो नाही तर नेबर, म्हणजे शेजारी राउटर, नाही, नेबर नाही तर काही येतही नाही, त्या इंटरफेसचं सबनेट (पत्त्यांचा गट) तेवढं जाहिरात होत राहतं. आणि ईआयजीआरपीत (आणखी एक रूटिंग प्रोटोकॉल) इंटरफेसचं पॅसिव्ह वेगळं नि टोपॉलॉजी टेबलमधला पी वेगळा, तिथे पॅसिव्ह म्हणजे रूट ठणठणीत, ॲक्टिव्हमध्ये, म्हणजे दुसरी वाट शोधण्यात, अडकला की काळजी करायची! नवीन मुलं तो पी बघून हमखास घाबरतात. माझ्या मते इतक्या वेगळ्या वागण्यांना एकच कमांड द्यायला नको होती.

डिफॉल्टवाला पर्याय बराच नंतरचा. इंटरनेट प्रोव्हायडरकडे एकेका राउटरवर २०० च्या वर इंटरफेस, प्रत्येकाला एक ओळ कोण लिहिणार, म्हणून लोक कनेक्टेड रूट (राउटरला थेट जोडलेली नेटवर्क) ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट करायचे, म्हणजे बाहेरचे म्हणून ओतायचे, आणि टाइप ५ एलएसएचा (बाहेरच्या रूटच्या जाहिरातींचा) पूर सगळीकडे जायचा. डिफॉल्टने ते थांबलं.

फक्त चालू राउटरवर रिमोटने ती ओळ एकटी टाकली की सगळे नेबर त्याच क्षणी पडतात आणि त्याच रूटने आलेलं आपलं सेशनही जातं, नो टाइप करायला वेळच मिळत नाही. त्यात डिफॉल्टच्या आधी नो लिहून ठेवावं तर ते टिकत नाही. म्हणून दोन्ही ओळी एका फाइलमध्ये लिहून ती फाइलच राउटरच्या रनिंग (चालू) कॉन्फिगमध्ये कॉपी करतात, नेबर पडले तरी परत येतात.