चार शिलिंगांची पोस्टल ऑर्डर: ब्रिटनच्या सक्तीच्या लष्करी सेवेची पार्श्वभूमी

1950च्या दशकात ब्रिटनमधल्या घरात मुलगा अठराचा झाला की आधी वैद्यकीय तपासणी व्हायची आणि मग एक दिवस टपालाने सरकारी पाकीट यायचं. कुठल्या छावणीत हजर व्हायचं ते सांगणारा कागद, रेल्वेच्या फुकट प्रवासाचं वॉरंट आणि चार शिलिंगांची पोस्टल ऑर्डर, एवढाच त्यातला ऐवज. चार शिलिंग म्हणजे एका दिवसाचा पगार, तोही आगाऊ. हजर व्हायचा वार बहुतेक गुरुवार. 1949 ते 1960 अशी बारा वर्षं ही पाकिटं जात राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धकाळातल्या जुन्या कायद्याखाली घेतलेले धरले, तर वीस लाखांहून अधिक तरुण या सेवेतून गेले.

मे 2024 मध्ये ऋषी सुनक यांनी निवडणुकीच्या तोंडावर ‘नॅशनल सर्व्हिस’ (या सक्तीच्या सेवेचं हेच नाव) पुन्हा आणण्याची घोषणा केली, तेव्हा ही जुनी आठवण वर आली. वर्षाला 30 हजार तरुणांना लष्करात, बाकीच्यांना महिन्यातला एक शनिवार-रविवार समाजसेवा, अशी कल्पना होती. जुलैत त्यांचा हुजूर पक्ष हरला आणि ती बारगळली. पण ‘तेव्हा पोरांना शिस्त होती हो’ हा सूर त्यानिमित्ताने भरपूर ऐकू आला. आपल्याकडेही कट्ट्यावरचे एखादे काका ‘दोन वर्षं मिलिटरीत पाठवा सगळ्यांना’ म्हणतातच. मूळ कायद्याच्या मुळाशी मात्र शिस्त नव्हती, माणसांची टंचाई होती. आणि त्या टंचाईचं एक मोठं कारण आपण होतो.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याचा आकडा 25 लाखांच्या घरात गेला होता, आणि त्यात सक्तीने भरती केलेला एकही नव्हता. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे (1944) आणि नामदेव जाधव (1945) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं, ते याच सैन्यातून. त्याआधीची शंभरेक वर्षं चीन असो, मेसोपोटेमिया असो की पूर्व आफ्रिका, साम्राज्याला कुठेही शिपाई लागले की ते भारतातून जहाजाने रवाना व्हायचे. 1947 मध्ये हे कोठारच बंद झालं. दहा गुरखा रेजिमेंटपैकी चार ब्रिटनकडे गेल्या, बाकी सगळं भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाटलं गेलं. जबाबदाऱ्या मात्र जिथल्या तिथे राहिल्या: पराभूत जर्मनीवरचा ताबा, सुएझ कालव्यावरचा तळ, मलाया, हाँगकाँग, सायप्रस. भारतीय स्वातंत्र्याचा कायदा आणि ब्रिटनचा ‘नॅशनल सर्व्हिस’ कायदा, दोन्हींवर जुलै 1947 मध्येच राजसंमतीची मोहोर उमटली. मला तरी ही नुसती तारखांची गंमत वाटत नाही.

ब्रिटिशांना शांततेच्या काळातली सक्ती कधीच मानवली नव्हती. पहिल्या महायुद्धात ती आणली ती 1916 मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन दीड वर्ष उलटल्यावर. त्यामुळे पंतप्रधान ॲटलींच्या मजूर सरकारने अठरा महिन्यांच्या सेवेचं विधेयक मांडताच एप्रिल 1947 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या 72 खासदारांनी विरोधात मत टाकलं. सरकार नमलं आणि मुदत बारा महिन्यांवर आली. पण 1 जानेवारी 1949 ला कायदा लागू होईपर्यंत शीतयुद्धाची हवा तापली आणि ती परत अठरा महिने झाली. कोरियात युद्ध पेटल्यावर 1950 मध्ये सरळ दोन वर्षं. मुली यातून पूर्ण बाहेर होत्या. उत्तर आयर्लंडही बाहेर. कोळसा खाणीतले कामगार आणि शेतमजूर यांना सूट होती. विद्यार्थी आणि शिकाऊ कामगारांना पुढची तारीख घेता यायची.

छावणीत पहिल्या दिवशी केस उतरायचे. अंगावरचे कपडे तपकिरी कागदात बांधून घरी धाडायचे. मग आठ-दहा आठवडे कवायत आणि बूट. या बुटांची एक कथाच आहे. नवीन बुटाचं चामडं खरखरीत, फोडाफोडांचं असे. मेणबत्तीवर चमच्याची दांडी तापवायची, ती दाबून दाबून ते फोड सपाट करायचे, मग थुंकी आणि पॉलिश लावून बोटाने बारीक गोल गोल घासत बसायचं, चेहरा दिसेपर्यंत. शिस्तीच्या आठवणी काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हेच बूट असतात.

ज्यांची रवानगी मलायाच्या जंगलात, कोरियात, केनियात किंवा सायप्रसला झाली, त्यांच्या आठवणी वेगळ्या. प्रत्यक्ष लढाईत असे 395 तरुण मारले गेले. मतदानाचं वय तेव्हा 21 होतं. म्हणजे मलायात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पोराला आपल्याला तिथे पाठवणारं सरकार निवडायचा अधिकारच नव्हता.

रोनाल्ड मॅडिसन तर मायदेशातच जिवाला मुकला. हवाई दलात सक्तीची सेवा करणारा हा वीस वर्षांचा मुलगा पंधरा शिलिंग आणि तीन दिवसांच्या रजेच्या बोलीवर पोर्टन डाउनच्या लष्करी प्रयोगशाळेत प्रयोगाला तयार झाला. 6 मे 1953 ला त्याच्या हातावरच्या कापडावर सरीन या विषारी द्रव्याचे थेंब टाकले आणि त्याच दिवशी तो मेला. चौकशी गुप्तपणे झाली, शिक्का बसला अपघाती मृत्यूचा. बेकायदा मृत्यू असा निकाल यायला 2004 उजाडावं लागलं.

सगळ्यांच्याच वाट्याला असं आलं नाही, हेही खरं. हजारो जणांनी दोन वर्षं कुठल्याशा गोदामात घोंगड्या मोजल्या. काही हुशार पोरांना रशियन शिकायला बसवलं. पुढे नाटककार झालेले मायकेल फ्रेन आणि ॲलन बेनेट त्यातलेच.

ही पद्धत बंद झाली ती लोक चिडले म्हणून नव्हे. खुद्द लष्कराला ती परवडेना. पोरगं कामाला तयार होईतो घरी जायची वेळ यायची, आणि त्याला शिकवण्यात पक्के शिपाई अडकून पडायचे. कारखान्यांनाही हात हवेच होते. 1956 मध्ये सुएझ कालवा परत घेण्याची मोहीम अर्धवट सोडावी लागली, त्या फजितीनंतर संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी एप्रिल 1957 मध्ये नवं धोरण मांडलं: भरवसा अणुबाँबवर, सैन्य लहान आणि स्वखुशीने भरती झालेल्यांचं. 1 ऑक्टोबर 1939 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोलवायचं नाही असं ठरलं. 1933 मध्ये जन्मलेला नट मायकेल केन कोरियात लढून आला होता. 1940 मध्ये जन्मलेले ‘बीटल्स’ बँडचे रिंगो स्टार आणि जॉन लेनन थोडक्यात सुटले.

शेवटची पाकिटं 1960 मध्ये गेली. त्यातल्या काहींची दोन वर्षं भरत आली तोवर बर्लिनची भिंत उभी राहिली होती, म्हणून त्यांना आणखी सहा महिने थांबवून घेतलं. शेवटचा माणूस मे 1963 मध्ये गणवेश उतरवून घरी गेला. मतदानाचं वय अठरावर आलं ते 1969 मध्ये.