ट्रायमरान (नागपूर परिसरातील नव्या मालकासाठी)

ट्रायमरान : मधोमध एक मुख्य नौका आणि तिच्या दोन्ही अंगांना आडव्या दांड्यांनी जोडलेल्या दोन बारीक उलांड्या, अशा रचनेची नौका. बहुतेक ट्रायमरान शिडाच्या असतात. कोकणातल्या होडीला एकाच बाजूला उलांडी असते, इथे ती दोन्हीकडे. मधल्या रिकाम्या जागेत जाळी ताणतात आणि बसणे-उठणे बरेचसे तिच्यावरच होते.

एकाच तळाच्या मोठ्या शिडाच्या नौकेखाली शिशाचे किंवा लोखंडाचे वजन असते. ती कलली की ते वजन तिला पुन्हा उभी करते. ट्रायमरानला हे वजन नसते, म्हणून ती हलकी आणि वेगवान. तिचा सारा तोल रुंदीवर. वेटा ही न्यूझीलंडची लहान ट्रायमरान ४.४ मीटर लांब आणि तब्बल ३.५ मीटर रुंद आहे. या रुंदीमुळे नवा माणूस निर्धास्त होतो, आणि नेमके तेच धोक्याचे. साधी नौका वारा वाढताच कलते, म्हणजे इशारा देते. ट्रायमरान फारशी न कलता नुसता वेग वाढवते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. मधली नौका पाण्यावरून उचलली गेली की तोल राखणारी ताकद वाढायची थांबते आणि पुढे घटतच जाते. पूर्ण उलटलेली ट्रायमरान उलट्या अवस्थेतही तितकीच स्थिर राहते. आपोआप सरळ होत नाही. म्हणून नजर शिडाइतकीच वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध अंगाच्या, उलांडीच्या पुढच्या टोकावर हवी. ते टोक पाण्यात घुसू लागले की शीड तत्काळ सैल सोडायचे. शीड आखूड करण्याचा विचार मनात आला, तीच ते आखूड करण्याची वेळ.

वळणे हा नवख्याचा दुसरा अडसर. हलकी असल्यामुळे वाऱ्याच्या तोंडावरून वळताना ती मध्येच थबकते. आधी पुरेसा वेग घ्यावा, सुकाणू एकदम न ओढता हळूहळू वळवावे आणि पुढचे शीड क्षणभर जुन्याच बाजूला धरून ठेवावे. वारा नाक फिरवून देतो.

नागपूरकराला समुद्र दूर, त्यामुळे ट्रेलरवरून नेता येईल अशीच नौका घेण्यात शहाणपण आहे. नौकांचे रचनाकार इयन फॅरियर यांनी उलांड्या मुख्य नौकेला लगटून दुमडण्याची रचना रूढ केली. १९८५ च्या सुमारास आलेली त्यांची एफ-२७ पाण्यावर सुमारे ५.८ मीटर रुंद असते आणि दुमडल्यावर अडीच मीटरच्या आसपास येते. आपल्याकडच्या तलावांसाठी मात्र तीही मोठीच.

अंबाझरीवर झाडे-इमारतींमुळे वारा तुटक मिळतो, आणि जलपर्णी असेल तर ती सुकाणूत अडकते. रामटेकजवळचा खिंडसी तलाव बरा, पण डोंगराकडून येणारे झोत अचानक दिशा बदलतात. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात असल्याने तो विषयच सोडावा. वैनगंगेवरील गोसीखुर्दचा पसारा मोठा असला, तरी पाण्याखाली गेलेली गावे आणि झाडे विसरू नयेत. ढीवरांची जाळी रिकाम्या बाटल्यांवर तरंगतात. तीन तळांच्या नौकेला ती अडकण्याची शक्यता जास्त, तेव्हा कुठे जाळी टाकली आहे हे आधी त्यांनाच विचारावे. धरणाच्या पाण्यावर उतरण्यापूर्वी ते ज्या विभागाच्या ताब्यात आहे त्याची परवानगी लागते, आणि इंजिन बसवले तर २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याप्रमाणे नोंदणीही पाहावी लागते.

हिवाळ्यात इथला वारा सौम्य असतो, शिकायला तोच काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटले की किनारा गाठावा. अवकाळीचा पहिला झोत पावसाच्या आधी येतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा प्लास्टिकच्या नौकेचा तळ ट्रेलरच्या आधारांवर दबून खोलगट होतो, म्हणून आधार रुंद आणि सावली पक्की हवी. जमिनीवर असताना उलांड्यांची झाकणे उघडी ठेवावीत, नाहीतर आतली तापलेली हवा सांध्यांवर ताण देते.

जुनी नौका घेताना आधी आडव्या दांड्यांचे सांधे व बोल्ट पाहावेत, मग उलांड्यांत साचलेले पाणी, मग जाळी. जाळी उन्हाने आतून कुजते आणि वरून चांगली दिसते. नखाने शिवण ओढली की कळते. डोलकाठी ॲल्युमिनियमची असेल तर ती उभी करण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत ना, हे बघावे. तलावाकाठी अशा तारा असू शकतात.