ग्रंथालयाच्या गच्चीवर सोलर बसवण्याआधी

सोलर बसवून घेण्यासाठी आमच्याकडे चौकशीला आलेल्या प्रत्येक महाविद्यालयाचा पहिला प्रश्न असतो, ‘बिल किती कमी होईल?’ आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: गच्ची गळते का? कारण खाली पुस्तके आहेत.

सुरुवातीच्या एका कामात आम्ही पॅनेल धरणाऱ्या स्ट्रक्चरचे पाय थेट कोब्यात ड्रिल मारून बसवले. जुलैत भिंतीकडच्या कपाटातले जुने बांधीव अंक भिजले. ग्रंथपालबाई आठवडाभर पंख्याखाली पाने सुटी करत बसल्या होत्या. तेव्हापासून कोब्याला भोक नाही. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करतो, आणि त्याआधी गच्चीत दोन दिवस पाणी कोंडून ठेवतो. ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग. ठोकळ्यांचे वजन आणि वाऱ्याचा जोर स्लॅब पेलेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

10 किलोवॅटला साधारण 1000 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. 550 वॅटची 18 पॅनेल, दक्षिणेकडे तोंड करून. वर्षाची सरासरी धरली तर रोज 40 युनिटच्या आसपास. पावसाळ्यात बरीच कमी. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते, म्हणून जागा आम्ही सकाळी आणि दुपारी उशिरा, दोनदा बघतो.

ग्रंथालयाचे पंखे, ट्यूब, संगणक दिवसाच चालतात, त्यामुळे बरीचशी वीज जागेवरच खपते. मे महिन्याच्या सुट्टीत उरलेली नेट मीटरमधून, म्हणजे आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, महावितरणकडे जाते. रात्रीच्या अभ्यासिकेला मात्र पॅनेलची वीज मिळत नाही.

आणि हे आधीच सांगतो, नंतर भांडण नको: लाइट गेली की भर उन्हातही ही यंत्रणा बंद होते. पॅनेलची वीज बाहेरच्या तारेत जाऊ नये, तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते गरजेचे आहे. बॅटरी हवी असेल तर खर्च वेगळा. केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांना आहे, महाविद्यालयाला नाही.

2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. म्हणून नदीकाठच्या भागात इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र, आम्ही तळमजल्यावर लावत नाही, जिन्याखाली कितीही सोयीची जागा असली तरी.

गळीत हंगामात साखर कारखान्याची राख पॅनेलवर बसते. काच तापण्याआधी, सकाळी लवकर, साध्या पाण्याने धुवायची. गच्चीवर नळ नसेल तर कोटेशनमध्ये तोही धरतो.