ओढ्याच्या गोंगाटात हात हलवणारा भेक

भर पावसात फुगलेल्या ओढ्याच्या काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारून बघा. घसा बसतो, पण शब्द काही पोचत नाहीत. शेवटी आपण हात वर करून हलवतो. पनामातल्या डोंगरओढ्यांवरचा, जेमतेम दोन इंचांचा सोनेरी भेक नेमकं हेच करायचा.

लोक त्याला सोनेरी बेडूक म्हणतात, पण तो खरा भेकांच्या, म्हणजे इंग्रजीतल्या ‘टोड’च्या, कुळातला. शास्त्रीय नाव अॅटेलोपस झेटेकी. अंग झगझगीत पिवळं, त्यावर काळे डाग, आणि कातडीत जबर विष. हा भडक रंग म्हणजे शत्रूला दिलेली ताकीदच. त्यामुळे तो भर दिवसा उघड्या दगडावर खुशाल बसतो. आपल्याकडचे बहुतेक बेडूक रात्री गातात. अंधारात हात हलवून काय उपयोग? दिवसा वावरणाऱ्यालाच ही खूण परवडते.

ती खूण बघण्यासारखी असते. भेक पुढचा एक पाय उचलतो, हवेत कमान काढत पुढे नेतो आणि हलकेच दगडावर टेकवतो. समोर दुसरा नर आला, तर ‘ही जागा माझी’ असा त्याचा अर्थ. मादीसमोरही तो हात हलवतो.

मला खरं चक्रावून टाकतं ते पुढचं. या भेकाला कानाचा पडदा नाही, मधल्या कानातलं हाडही नाही. तरी तो आवाज काढतो! एरिक लिंडक्विस्ट आणि थॉमस हेदरिंग्टन या अमेरिकी संशोधकांनी ओढ्यावर जाऊन ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, तेव्हा नर आवाजाच्या दिशेला वळले. म्हणजे त्यांना ऐकू येतं. आतला कान शाबूत आहे. त्याच्यापर्यंत आवाज बहुधा फुप्फुसांवाटे पोचतो: कुशीची पातळ कातडी ध्वनीने थरथरते आणि ती थरथर आत जाते. हात आणि आवाज, दोन्ही वाटा त्याने राखून ठेवल्या आहेत.

मीलनाचा प्रकार मात्र चिवट. नर ओढ्याकाठी ठाण मांडून असतात, माद्या एरवी जंगलात राहून विणीसाठी पाण्याकडे उतरतात. मादी दिसली की नर पाठीवर चढून मिठी मारतो आणि दिवसचे दिवस, कधी कित्येक आठवडे, सुटत नाही. सोडली तर दुसरा टपलेलाच. तोवर सगळा भार मादीनेच वाहायचा. याच्या एका जवळच्या भाईबंदाच्या माद्या तर उसळ्या मारून नराला झटकून टाकू पाहतात. अंडी माळेसारखी ओढ्यातच पडतात, आणि पिल्लांच्या पोटाला चूषक असतो. त्याच्या जोरावर ती वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतात.

२००६च्या सुमारास बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी एल व्हाये दे आंतोन या गावच्या ओढ्यांपर्यंत पोचली. ती कातडीवरच घाला घालते. वाचवलेल्या बेडकांना जागा नव्हती, तेव्हा गावातल्या एका हॉटेलच्या खोल्यांत त्यांची सोय करावी लागली. गेली कित्येक वर्षं रानात हा भेक कुणाला खात्रीने दिसलेला नाही. पनामात १४ ऑगस्ट हा त्याचा राष्ट्रीय दिवस.

आज तो उरला आहे प्राणिसंग्रहालयांतल्या काचपेट्यांत. ओढा नाही, गोंगाट नाही. तरी समोर दुसरा नर आला की पुढचा पाय उचलला जातो, हवेत कमान काढतो आणि हलकेच खाली येतो.